हजेरीपटातली फौज

अठराव्या शतकातला फ्रेंच शिपाई एका ओळीत मावतो. नाव, टोपणनाव, आईबापांची नावं, जन्मगाव, वय, उंची, केस, डोळे, चेहऱ्यावर देवीचे वण असतील तर तेही, आणि भरतीची तारीख. त्यापुढची जागा कारकुनाने मोकळी सोडलेली असते. ती पुढे कधीतरी वेगळ्या शाईने भरली जाते: रजा दिली, पळाला, इस्पितळात मेला. लढाईचं वर्णन, पराक्रम, सेनापतीचं भाषण यांतलं काही या वह्यांत नाही. मी पगाराच्या सॉफ्टवेअरचं काम करते, म्हणून असेल, मला ते नसलेलंच बरं वाटतं. कर्मचारी क्रमांक सोडला तर आमच्या यादीतले बहुतेक रकाने इथे आहेत.

हे रकाने १७१६ च्या राजाज्ञेने आले. चौदाव्या लुईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि त्याच्या लढायांनी तिजोरीत खडखडाट केला होता. तेव्हाची फ्रेंच कंपनी, म्हणजे पलटणीचा तुकडा, कप्तानाची जवळजवळ खाजगी मालमत्ता असे. सरकार त्याला डोई मोजून पैसे देई. साहजिकच कप्तान माणसं कमी ठेवी, आणि गणतीच्या दिवशी भाड्याची माणसं आणून रांगेत उभी करी. उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे वण लिहून ठेवले की भाड्याचा माणूस उघडा पडतो. पळून गेलेल्याला शोधायलाही तेच वर्णन कामाला येतं. बोगस कर्मचारी शोधायचं काम आम्ही आजही करतो. फक्त डोळ्यांच्या रंगाऐवजी बँक खातं तपासतो.

आपल्याकडे हीच चोरी घोड्यांत होती. सरंजाम घ्यायचा हजार स्वारांचा, पदरी बाळगायचे सहा-सातशे, आणि हजिरीच्या दिवशी शेजारच्या सरदाराकडून उसनवारी करायची. म्हणून स्वाराचा चेहरा आणि घोड्याचा रंग, खुणा, किंमत लिहून घ्यायची पद्धत होती. घोडा लढाईत पडला तर शिलेदाराला भरपाई मिळायची, तेव्हा किमतीचा आकडा दोन्ही बाजूंना महत्त्वाचा. मोडीतल्या अशा याद्या मी पुण्यात शिकत असताना वाचल्या. फ्रेंच त्याच शहरात, पण कंटाळत कंटाळत शिकले. दोन्हींचा एकत्र उपयोग होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

तो उपयोग झाला तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत. इथे आमची मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. बहुतेकजण बँकांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कामाला. ही आज इमारतींनी भरलेली जमीन. साठ वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर समुद्री शेवाळाची, नोरीची शेती होती. मासेमारांनी १९६२ साली आपले हक्क सोडले, मग भराव पडला आणि १९७९ मध्ये रेल्वे स्टेशन आलं. स्टेशनपासून जवळच निवृत्त मंडळींचा एक वर्ग भरतो. जुनी हस्तलिखितं, म्हणजे कोमोन्जो, वाचायचा. जपानी अक्षरं धावत्या हाताने लिहिली की जी कुझुशिजी होते ती आजच्या जपान्याला वाचता येत नाही, जशी मोडी आजच्या मराठी माणसाला. सत्तरी ओलांडलेली माणसं भिंग घेऊन एकेका ओळीवर वाद घालतात. मी भाषेत कच्ची, पण कारकुनाच्या सवयी ओळखण्यात पक्की, म्हणून मला सामावून घेतलंय.

तिथे बहुधा हाती येतं ते शूमोन आरातामेचो. गावातलं प्रत्येक घर, घरातली माणसं, वयं, आणि कुणी ख्रिस्ती नाही याची देवळाने दिलेली हमी. तोकुगावा राजवटीत ही नोंद गावोगाव होत असे. एक आजी मला म्हणाल्या, "तुमच्या फ्रेंचांची वही कोणासाठी होती?" मी म्हटलं, "पैसे देणाऱ्यासाठी." त्या म्हणाल्या, "आमची संशय घेणाऱ्यासाठी." तेव्हापासून कुठलाही जुना हजेरीपट उघडला की मी हाच प्रश्न आधी विचारते. मराठ्यांच्या कवायती फौजांचा इतिहास या प्रश्नाने बराच वेगळा दिसतो.

आपण तो इतिहास तोफांनी आणि कवायतीने सांगतो. फ्रेंच आले, त्यांनी संगिनीची रांग शिकवली, तोफा ओतून दिल्या. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, ते चुकलं की बरोबर, असा वाद घालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्रेंच पद्धतीची फौज म्हणजे मुळात दरमहा ठरलेल्या तारखेला रोख पगार आणि त्यामागे खरी यादी. हे दोन जुळले तिथे फौज उभी राहिली. नाही जुळले तिथे तीच माणसं, त्याच बंदुका घेऊन, दुसऱ्याकडे गेली.

मुसा बुसीपासून पाहू. आपल्या कागदांतला हा मुसा बुसी म्हणजे शार्ल-जोझेफ पातिसिए द बुसी. १७५१ मध्ये तो सलाबतजंगाबरोबर दख्खनेत आला तेव्हा त्याच्याजवळ तीनएकशे गोरे आणि दोनेक हजार हिंदी शिपाई होते. त्याच वर्षी कुकडी नदीवर, चंद्रग्रहणाच्या रात्री, नानासाहेब पेशवे स्नान-पूजेत असताना त्याने छापा घातला. पूजेची सोन्याची उपकरणी मागे टाकून पेशव्यांना निघावं लागलं. ही रात्र आपल्या सगळ्या पुस्तकांत आहे. तिच्यापेक्षा मला दोन वर्षांनंतरची गोष्ट मोठी वाटते. निजामाचा दिवाण सय्यद लष्करखान याला बुसी नको होता. त्याने लढाई केली नाही, फौजेचा पगार थकवला. शिपाई कुरकुरू लागले. बुसीने यावर १७५३ मध्ये काढलेला तोडगा असा: एलूर, राजमहेंद्री, चिकाकोल आणि मुस्तफानगर हे चार समुद्रकाठचे सरकार, म्हणजे जिल्हे, फौजेच्या खर्चासाठी स्वतःच्या ताब्यात मागून घेतले. वसुली फौजेची, पगार फौजेचा. मध्ये दिवाण नाही.

१७५८ मध्ये पाँडिचेरीहून फ्रेंच सेनापती लालीने बुसीला परत बोलावलं. मालक गेला, शिकलेली माणसं राहिली. त्यांतलाच इब्राहिमखान गारदी आधी निजामअलीकडे गेला, मग पेशव्यांकडे आला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाची फौज कोंडली. त्यानंतरचं पानिपत सगळ्यांना पाठ आहे. भाऊसाहेबांनी इब्राहिमखानावर टाकलेला भरवसा आणि मल्हारराव होळकरांना न पटलेली ती गोलाची लढाई, यांवर कितीतरी शाई खर्च झाली. पगाराच्या बाजूने पाहिलं तर दिल्लीतली एक नोंद पुरेशी बोलकी आहे. १७६० च्या पावसाळ्यात भाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून रुपये पाडले, सुमारे ९ लाख. महिनाभराचा फौजखर्चही त्यातून धड निघत नव्हता. घोडदळाला लूट, चौथ, वतन यांवर कळ काढायला सांगता येतं. गारद्याला, म्हणजे कवायती शिपायाला, सांगता येत नाही. त्याच्याशी बोली महिन्याची. तरीही १४ जानेवारी १७६१ ला गारदी मैदान सोडून हलले नाहीत. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर चालून गेले तेही गारदीच, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडी थकलेल्या पगाराचीच मागणी होती. कट दुसऱ्यांनी केला हे खरं. पण वाड्याच्या आत हत्यारबंद गर्दी घुसायला जे निमित्त लागतं ते पगाराने पुरवलं.

आता आरमाराकडे. फ्रेंच खलाशांची नोंद सैन्यापेक्षाही जुनी. कोल्बेअर या मंत्र्याने सतराव्या शतकातच किनाऱ्यावरच्या गावांतले खलाशी, नावाडी, मासेमार यांची यादी करून त्यांचे वर्ग पाडले. प्रत्येक वर्गाने ठरावीक वर्षांनी राजाच्या जहाजावर चाकरी करायची. बदल्यात पगारातून थोडी कपात होऊन जखमी आणि म्हाताऱ्या खलाशांसाठी एक निधी १६७३ मध्ये सुरू झाला. नावं बदलत तो आजही चालू आहे. पगारपत्रकातली एवढी जुनी वजावट दुसरी मला माहीत नाही.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लोरियाँ बंदरातून सुटत. प्रत्येक सफरीचा खलाशीपट असे: नाव, गाव, हुद्दा, दरमहा पगार, निघताना दिलेली उचल. जहाज परतल्यावर हिशेब बंद करताना प्रत्येक नावासमोर काय झालं ते लिहीत. कोण पाँडिचेरीला उतरला, कोण ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, आजारी राहिला, कोण पळाला. हे पट आता फ्रेंच सरकारने इंटरनेटवर ठेवले आहेत. कपड्याच्या चिंध्यांपासून केलेला जाड कागद, शाईने पोखरलेल्या कडा, आणि उजेडात धरल्यासारखी चित्रं घेतली असतील तिथे कागदाचा जलछाप. त्यात १७४२ हा आकडा दिसला म्हणून कागद त्या सालचा समजू नये. सरकारने छापात साल घालायला सांगितलं आणि पुष्कळ कागदवाल्यांनी तेच १७४२ पुढे कित्येक वर्षं चालू ठेवलं.

पळालेल्यांपैकी एकाला मराठी वाचक ओळखतात. पिएर क्युइए फ्रेंच आरमाराच्या जहाजावरून १७८० च्या सुमारास इथे आला आणि जहाज सोडून गेला. पुढे वीस वर्षांत तो जनरल पेरों, आपला पेरूसाहेब, झाला. दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती आणि दिल्ली-अलीगढच्या मुलखाचा जवळजवळ सुभेदार. फ्रान्समधल्या ब्रिटनीतला श्व्हालिए द्युद्रनेक हाही दर्यावर्दी घरातला. तो होळकरांकडे लागला. लोक त्याला हुजूरबेग म्हणत. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या आणि होळकरांच्या फ्रेंच धर्तीच्या पलटणी एकमेकींवर चालून गेल्या. द्युद्रनेकची पलटण तिथे कापली गेली.

फ्रेंच सरकारने मराठ्यांना थेट दिलेलं वचन मात्र कागदावरच राहिलं. १७७७ मध्ये श्व्हालिए द सँ-लुबँ चौलला उतरून पुण्यात आला. नाना फडणिसांनी त्याचा थाटात सत्कार केला, तोफा-शिपायांची बोलणी झाली, आणि इंग्रज वकील मॉस्टिन मुंबईला घाबरी पत्रं लिहू लागला. या गृहस्थामागे एकही पलटण नव्हती. तरी त्याच्या नुसत्या येण्याने इंग्रज बिथरले आणि पुढच्या पेचात वडगावच्या नामुष्कीपर्यंत गेले. नानांना हवा असलेला परिणाम फुकटात मिळाला, असंच म्हणायला हवं. खरं फ्रेंच आरमार आलं ते दर्यासारंग सुफ्रेनचं, १७८२ मध्ये, पूर्व किनाऱ्यावर. त्याने इंग्रजांशी एकामागून एक लढाया केल्या. त्याच वर्षी १७ मे रोजी सालबाईचा तह होऊन मराठे युद्धातून बाहेर पडले.

ज्याने यादी आणि पगार दोन्ही जमवले तो फ्रेंच सरकारचा माणूस नव्हताच. बनुआ लबोर्न १७५१ मध्ये साव्हॉयमधल्या शांबेरीत जन्मला. साव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं. तरुणपणी तो फ्रेंच फौजेच्या आयरिश पलटणीत होता, मग रशियनांकडे, तुर्कांच्या कैदेत, मद्रासला इंग्रजांकडे, आणि १७८४ पासून महादजी शिंद्यांकडे. तोवर त्याने नावाला द बुआन्य असं वळण दिलं होतं. बोली अशी ठरली: ८५० माणसांच्या दोन पलटणी, आणि माणशी महिना ८ रुपये. त्यातले साडेपाच शिपायाला, उरलेल्यात अधिकारी आणि खर्च. हा हिशेब मला अतिशय आवडतो. सरदारीत दरडोई खर्च आणि हातात पडणारा पगार असे दोन आकडे वेगळे काढून आधी सांगणारा माणूस दुर्मिळ.

पाटण आणि मेडता या १७९० च्या लढायांनी द बुआन्यची कीर्ती झाली. त्याच सुमारास महादजींनी दोआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी त्याच्या नावे लावून दिला. बुसीचाच तोडगा, पण जास्त नीट. अलीगढजवळच्या त्याच्या कचेरीत वसुलीचे हिशेब दोन भाषांत ठेवत: फार्सीत आणि फ्रेंचमध्ये. दोन वेगळ्या हातांनी लिहायचे आणि मग ताडून पाहायचे. आमच्या धंद्यात याला आजही पर्याय नाही. दख्खनेत चाकरीला गेलेल्या शिपायाला पगार वाढवून मिळे. जखमीला जखमेच्या मानाने बक्षीस, आणि बरा होईपर्यंत पगारात खोट नाही. कायमचा निकामी झाला तर अर्धा पगार आणि जमीन. मेलेल्याची मालमत्ता नातलगांना. फ्रेंच आरमाराच्या निधीत आणि या नियमांत मला एकच घराणं दिसतं, आणि द बुआन्य तरुणपणी त्याच फ्रेंच चाकरीत होता. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओतत होता, हे आपल्याला ठाऊक असतं. फार्सी आणि फ्रेंच हिशेब लिहिणाऱ्या त्या दोन कारकुनांची आठवण कुणी काढत नाही.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला वारले. द बुआन्य थोड्याच काळात परत गेला, सुमारे ४ लाख पौंडांची माया घेऊन. शांबेरीत तो १८३० मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेलं कारंजं तिथे आहे. चार हत्ती, प्रत्येकाचा फक्त पुढचा अर्धा भाग. गावकरी त्यांना बिनबुडाचे चौघे म्हणून चिडवतात.

दहा वर्षांत शिंद्यांची तीच फौज बिनबुडाची झाली. १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या पगाराची हमी. तोफ डागण्यापूर्वी पगारपत्रक पळवलं. पेरों स्वतः सप्टेंबरात इंग्रजांकडे निघून गेला. ४ तारखेला अलीगढ पडलं, ११ ला दिल्ली. २३ सप्टेंबरला असईत आणि १ नोव्हेंबरला लासवारीला मात्र शिपाई आणि गोलंदाज तोफांना चिकटून राहिले आणि तिथेच मेले. इंग्रज सेनापतींनी त्यांच्या धैर्याची तोंडभर स्तुती केली, नावं लिहिली नाहीत. पळालेल्या पेरोंचं नाव कागदावर राहिलं, न हललेल्या गोलंदाजाचं गेलं.

नाव कागदावर राखल्याचीही एक गोष्ट आहे. अठराव्या शतकातलं फ्रेंच आरमार जपानच्या जवळून एकदा गेलं. ला पेरूज या दर्यावर्द्याची दोन जहाजं १७८७ च्या उन्हाळ्यात जपानच्या समुद्रातून वर गेली आणि होक्काइदोच्या उत्तरेच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडली. फ्रेंच नकाशांत तिला त्याचंच नाव आहे. कामचाट्काला त्याने आपल्या रोजनिश्या लेसेप्स या तरुण दुभाष्याच्या हाती दिल्या. तो बर्फातून, सैबेरिया ओलांडून, वर्षभराने व्हर्सायला पोहोचला. जहाजं पुढे वानिकोरो बेटाजवळ फुटली, पण फ्रान्सला ते ठाऊक नव्हतं. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने ठरवलं की त्याला शोधायला पाठवलेली मोहीम परत येईपर्यंत ला पेरूजचं नाव आरमाराच्या यादीत ठेवायचं आणि पगार त्याच्या बायकोला द्यायचा. राज्यक्रांती ऐन भरात असताना हा ठराव झाला. वर्गात हे सांगितलं तेव्हा मघाच्या आजी बराच वेळ त्यावर बोलत राहिल्या. ही वही संशयासाठी नाही, हे त्यांना पटलं.

या कागदांकडे मराठीत कुणी पाहिलंच नाही असं नाही. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादले. फ्रेंच बाजू वि. गो. हातळकरांनी उचलली. त्यांचा फ्रेंच-मराठे संबंधांवरचा ग्रंथ १९५८ मध्ये मुंबई विद्यापीठाने छापला आणि नंतर मराठ्यांविषयीच्या फ्रेंच कागदांचे खंडही त्यांनी केले. या काळाकडे वळलेले जपानीही झाले. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी यांनी पेशवाईतल्या गावांचा, वतनांचा, जातिव्यवहाराचा अभ्यास मराठी कागदांवर केला आहे. पण हातळकरांचं लक्ष स्वाभाविकपणे वकिलांच्या पत्रांवर आणि तहांवर होतं, आणि जपानी अभ्यासकांचं गावावर. शिपायाचा हजेरीपट दोन्हींच्या मधे पडला.

तो उचलायला आता पॅरिसचं तिकीट लागत नाही. लोरियाँचे खलाशीपट पडद्यावर आहेत. पश्चिम किनाऱ्यावर, सुरतेला किंवा माहेला, ज्यांच्यासमोर पळाला असं लिहिलंय त्यांची यादी एका संध्याकाळी निघते. पुण्याच्या दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. त्यांत फिरंगी गोलंदाजांच्या पगाराच्या याद्या आहेत, नावं मोडीच्या वळणाने वाकवलेली. मोडीचे वर्ग गावोगाव चालतात आणि विद्यार्थी बहुधा घरच्या जमिनीची कागदपत्रं वाचण्यापुरते येतात. त्यांतल्या चौघांना फ्रेंच येत असेल तर या दोन याद्या शेजारी ठेवता येतील. फ्रेंच वहीत गेलेला म्हणून बंद झालेला माणूस मराठी वहीत आला म्हणून कुठे उघडतो, कुणाच्या पदरी, किती रुपयांवर, हे त्यातून कळेल. मी आमच्या गटात काम वाटून घ्यायला सुरुवात केली आहे. नावं माझ्याकडे, रकमा दुसरीकडे, आणि दोन्ही ताडायला तिसरं माणूस हवं आहे.